जन्माचे घट्टे

"न्हाई ओ डॉक्टरीणबाई, ह्ये काय दुखणं न्हाई. ह्ये आमच्या घरचं हात हायेत," सेवास्ती म्हणाली आणि तळहात कमरेच्या फडक्याला पुसून पाठीमागं घेतले.

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

"हरकत कसली? पन तुमी बगायला आलाय पोरीचं काळीज, आन् मागताय माझं हात. शेळी लंगडली तर मालकिणीचा पाय कशाला बगायचा?"

डॉक्टरीण हसली, पण पुढं केलेला हात तिनं मागं घेतला नाही. सेवास्तीचा नाइलाज झाला. तिनं दोन्ही तळवे उपडे-उताणे करून दाखवले. पिवळट, जाड, मेणाचा थर ओतून वर वाळवावा तसे. बोटांच्या पेरांशी भेगा, भेगांत दुधाचा वास.

खाटेवर तिची लेक पडली होती, कालियो. एकोणीस वर्षांची. सकाळी मेंढवाड्यातनं दुधाच्या दोन किटल्या घेऊन चढ चढत होती, वळणावर आली आणि कापडाची घडी खाली पडावी तशी पडली. सेवास्ती धावत पोचली तोवर पोरीनं डोळे उघडले होते, आणि राखणीचं कुत्रं वाटेवरचं दूध चाटत होतं. पोरीनं पहिली चौकशी केली ती दुधाची. किती सांडलं म्हणून.

आळीतल्या बाया गोळा झाल्या. एकीनं वाटीत पाणी घेतलं, बोटावरनं तेलाचे थेंब सोडले. तेल पसरलं. दुसरीला मंत्र पुटपुटताना जांभई आली. झालं, नजरेचीच बाधा, शंकाच नको. अशी तरणीताठी पोर, असे कामाचे हात, कुणीतरी बघून थुंकायचं विसरलं असणार. कालियोच्या कपाळावर तेल लावून बाया घरोघर गेल्या. पण पोरीचा बाप झाखारीस, जो वर्षात बोलतो तेवढं एका मेंढीच्या सौद्यात दुसरा बोलतो, तो कुणाला न विचारता खाली उतरला आणि सरकारनं डोंगरातल्या गावांसाठी धाडलेल्या नव्या डॉक्टरणीला जीपमध्ये घालून घेऊन आला.

तिचं नाव मेल्पो. तिनं आधी नळी लावून पोरीची छाती ऐकली. बराच वेळ ऐकली. मग पोरीचे तळहात पाहिले, तळपाय पाहिले, डोक्यावरचं फडकं सोडायला लावलं आणि केसांतनं बोटं फिरवली. आता तेच सेवास्तीचं चाललं होतं.

"तुमच्या घरात अजून कुणाचे असे हात आहेत? असे केस?"

"भावाचं व्हतं."

"कुठं असतात ते?"

"देवळामागं," सेवास्ती म्हणाली. "तीस वर्सं झाली."

डॉक्टरणीनं नळी गुंडाळून पिशवीत घातली. पोरीला घेऊन बंदरावरच्या दवाखान्यात या, म्हणाली. आणि तुम्ही पण या. तोवर हिला ओझं उचलू देऊ नका, पळू देऊ नका.

ओझं उचलू देऊ नका. ह्या घरात असं वाक्य कुणी कधी ऐकलं नव्हतं.

ग्रीसच्या नाक्सोस बेटावर, त्या डोंगरात कुरुंद निघतो. काळा, जड दगड, लोखंड घासून काढतो असा. सेवास्तीचा बाप फ्लोरिस, त्याचा बाप, त्याचा बाप, सगळे त्याच दगडाचे. खाणीच्या तोंडापासून वजनकाट्यापर्यंत दगड पाठीवर वाहायचा. अशा गावात माणसाची पारख तोंड बघून होत नाही. हात हातात घ्यायचा, अंगठ्यानं तळवा दाबायचा. घट्टा असला तर माणूस कामाचा. मऊ लागला तर वाणी नाहीतर पाद्री. सोयरीक जुळवायला आलेली सासू सुद्धा आधी मुलीचा तळवा चाचपते, मग खुर्चीवर बसते.

आणि फ्लोरिसला दोन पोरं झाली ती घट्टे घेऊनच. म्हणजे पाळण्यात तळवे मऊच होते. पण थोरला याकोवोस रांगायला लागला, भिंत धरून उभा राहिला, तसे तळवे आणि तळपाय जाड होत गेले. वर्षाच्या आत पोराचा हात खाणकऱ्याचा. पाठोपाठ सेवास्तीचं तेच. फ्लोरिस पोराला खांद्यावर घालून कॉफीच्या दुकानात न्यायचा आणि एकेकाला सांगायचा, दाब, दाबून बघ. म्हातारे अंगठ्यानं दाबायचे, नजर लागू नये म्हणून थू थू करायचे आणि म्हणायचे, ह्याला डोंगरानंच जन्माला घातलंय. फ्लोरिसच्या बायकोचे हात साधे, त्याचे स्वतःचे घट्टे कामानं पडलेले. पण पोरांचे उपजत. ह्यापेक्षा मोठी दौलत काय असते?

केसांचं तेवढं अवघड होतं. जन्मल्यापासनं दोघांच्या डोक्यावर लोकर. बारीक, आखूड, गुंतलेली, कुठं वळेल तर शपथ. आई सेवास्तीला गुडघ्यांत दाबून लोकर पिंजायच्या फणीनं विंचरायची आणि सेवास्ती अशी बोंबलायची की शेजारीण विचारायची, बाई, कातरणीचा हंगाम लवकर आला का यंदा. शाळेतली पोरं तिच्या मागं मेंढीसारखी बें-बें करत यायची, डोक्यात गोखरू फेकायची. पण गोखरू फेकणाऱ्याला तिच्या हातची एक बसली की तो आठवडाभर दुसऱ्या वाटेनं जायचा. त्या हाताची चापट म्हणजे फळीच. पुढं तिनं डोक्याला फडकं बांधलं ते बांधलंच.

हिवाळ्यात मात्र टाचा उकलायच्या. रक्त यायचं. फ्लोरिसनं कुरुंदाचा एक तुकडा पाण्यात घासून गुळगुळीत केला होता. शनिवारी रात्री दोन्ही पोरांना ओट्यावर बसवून तो स्वतः त्या तुकड्यानं त्यांचे तळवे घासायचा, वर तेल-मेण चोळायचा. पोरं कुरकुरली की म्हणायचा, अवजाराला धार लावतोय, गप बसा.

याकोवोस पंधरा-सोळाचा असताना कधीमधी म्हणायचा, छातीत पाखरू फडफडल्यागत होतंय. एकदा चर्चमध्ये उभ्या-उभ्या कोसळला. उपास सोसला नाही म्हणाले. बाप तर त्याला इतरांच्या दीडपट ओझं द्यायचा, कारण हात तसा होता. हात सोसतो म्हणजे माणूस सोसतो, हा हिशेब त्या गावात कुणी तपासून पाहिलाच नव्हता. बाविसाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, पाठीवर दगड घेऊन तो वजनकाट्यापाशी आला, ओझं टेकवलं, त्यावरच बसला आणि कलंडला. मागनं येणाऱ्याला वाटलं, थट्टा करतोय.

तेव्हाही वाटीत तेल पसरलंच. नजर कुणाची, हेही निघालं. पलीकडच्या गावचा फ्रांगूलिस आदल्या रविवारी याकोवोसचा हात दाबून म्हणाला होता, असा हात मी आयुष्यात पाहिला नाही. आणि थुंकला नव्हता. त्या दिवसापासनं फ्लोरिस फ्रांगूलिसशी बोलला नाही. समोरनं आला तर वाट सोडून काट्यांत शिरायचा, पण सावली पडू द्यायचा नाही. फ्रांगूलिसनं दोनदा माणसं घातली, एकदा स्वतः येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला. दार उघडलं नाही.

सेवास्ती खाणीत गेली नाही, बाईमाणूस म्हणून वाचली म्हणा. तिनं चीज धरलं. आणि तिथं ह्या हातांनी तिची चैन झाली. काहिलीत दूध तापवायचं, त्यात कोकराच्या पोटातलं विरजण घालायचं, दूध धरलं की मोडायचं आणि मग गरम निवळीत कोपरापर्यंत हात घालून तळाशी बसलेला गोळा दाबून दाबून एक करायचा. दुसऱ्या बाया फुंकत, हात झटकत करतात. सेवास्ती निवांत, जशी न्हाणीत बसलीय. तिचं चीज फुटत नाही, त्यात हवा राहत नाही, बंदरावरचे दुकानदार आधी तिचं आहे का विचारतात. झाखारीसशी लग्न झालं तेही त्याच्या आईनं हात दाबूनच ठरवलं. तो पलीकडच्या पाड्यावरचा, लांबच्या नात्यातलाच. बेटावर कोण कुणाच्या नात्यात नसतं? लेक झाली, तिच्या डोक्यावर लोकर बघून फ्लोरिस रडला. याकोवोस परत आला म्हणाला. वर्षानं तळवे दाबले आणि परत रडला.

सेवास्तीच्या स्वतःच्या छातीत पाखरू नव्हतं असं नाही. जिना चढताना, कधी नुसतं उभं राहिल्यावर, आत कुणीतरी घाईघाईनं दार ठोठावायचं आणि निघून जायचं. ती काहिलीची कड धरून उभी राहायची. कुणाला बोलली नाही. बोलून काय, वाटीभर तेल वाया.

बंदरावरच्या दवाखान्यात दोघींना आडवं घालून छातीला तारा चिकटवल्या. यंत्रातनं कागदाची पट्टी निघत गेली, मेल्पो आणि तिथले पांढऱ्या मिशांचे मोठे डॉक्टर ती डोक्याला डोकं लावून वाचत बसले. पोटावरनं फिरवतात तसलं यंत्र छातीवरनं फिरवलं, पडद्यावर काळीज दाखवलं. सेवास्तीला ते निवळीतल्या गोळ्यासारखं दिसलं, उगी हलणारं.

मग मेल्पोनं खुर्ची जवळ ओढून समजावलं. चामडी, केस आणि काळीज, तिन्हीकडं एक गोष्ट सारखी असते. कण कणाला धरून राहावा म्हणून मधे एक चिकटा असतो. तुमच्याकडं तो जन्मापासून कच्चा आहे. तळव्याला घर्षण झालं की तिथं कातडी जाड होऊन बसते, त्यानं मरत कुणी नाही. पण काळीज दिवसरात्र ओढ खातं. त्याचा उजवा कप्पा हळूहळू सुटत जातो, मांसाच्या जागी चरबी आणि वण भरतात. मग ठोका वाट चुकतो. जोर लावला, ओझं उचललं, पळापळ केली की जास्तच. कधी चक्कर. कधी त्याहून वाईट.

सेवास्तीनं अंगठ्यानं आपलाच तळवा दाबून बघितला. मग म्हणाली, "म्हंजी दूध धरलं, पन गोळा बांदला न्हाई."

"अगदी तसं."

"आन् वरनं बगणाऱ्याला काहील भरल्याली दिसती."

तिनं विचारलं की हे आलं कुठनं, मी तर कुणाचं वाईट केलं नाही. मेल्पो म्हणाली, आई आणि बाप दोघांकडनं एकेक कच्चा धागा आला की हे होतं. एकाकडनं आला तर माणूस धडधाकट, त्याला पत्ताही लागत नाही. तुमच्या आईबापाला नव्हता पत्ता. झाखारीसलाही नाही. बेटावर अशी बरीच घरं आहेत. दोष कुणाचा नाही.

उपाय होता. गोळ्या होत्या, आणि अथेन्सला जाऊन गळ्याच्या हाडाखाली काड्यापेटीएवढं यंत्र बसवून घ्यायचं होतं. काळीज वाट चुकलं की ते यंत्र आतनं एक दणका देतं आणि वाटेवर आणतं. आईला बसवायला हवं, पण लेकीची घाई. तिचा ठोका पट्टीवर फारच भरकटत होता. ह्या महिन्यातच, मोठे डॉक्टर म्हणाले, पुढच्या नको.

परतीच्या बसमध्ये सेवास्तीनं सगळं जुळवलं. आबाला, म्हणजे घरातल्या म्हाताऱ्या फ्लोरिसला सांगायचं, कालियो शिवणकाम शिकायला अथेन्सला आत्याकडं चाललीय. आई सोबत, पोचवायला. शहरातनं येताना चार ब्लाउज आणले की झालं.

"मी न्हाई जानार," कालियो म्हणाली.

"काय?"

"खोटं सांगून न्हाई जानार. आबाला खरं सांग, मग जाते."

"अगं त्याला खरं सांगायचं म्हंजी काय सांगायचं? तुज्या मामाच्या पाठीवर दगड कुनी चडवलं? ऐंशीचा म्हातारा हाय त्यो. मरंल."

"आन् मी?"

पोरीनं आवाज चढवला नव्हता. ती म्हणाली की परत येईन तेव्हा आबा पुन्हा किटल्या हातात देईल, कालियोसारखे हात गावात नाहीत म्हणेल, आणि मी नाही म्हटलं की आळशी म्हणेल. गाव नजर लागलेली पोर म्हणेल. रोज खोटं बोलत जगायचं तर ते यंत्र कशाला? मला बसवायचं तर उजेडात बसवा. सेवास्तीला तिचा राग आला, आणि रागाच्या तळाशी हेही होतं की पोर बरोबर बोलतेय.

आठ-दहा दिवस सेवास्ती रोज सांगायचं ठरवायची. सकाळी म्हातारा दाराशी बसून पावाचा तुकडा वाइनमध्ये बुडवत असायचा, ती जवळ जायची, उन्हाबद्दल बोलायची आणि परत यायची. एकदा तर "बा, याकोवोस—" इथवर आली, तर तो म्हणाला, त्याचा दिवा लावायचाय, तेल दे. तिनं तेल दिलं. तिकडं कालियो आबानं हाक मारली की किटली उचलायला उठायची, आणि सेवास्ती काहीतरी निमित्त काढून ती हिसकावून घ्यायची. म्हाताऱ्याला कळेना हे काय चाललंय. पोरगी बिघडवलीस, म्हणाला.

असा ऑगस्टचा मध्य आला, मरियामातेची जत्रा आली.

त्या गावात एक रीत आहे. जे तोंडानं बोलता येत नाही ते दोन ओळींत गाऊन बोलायचं. व्हायोलिनवाला सूर धरतो, एकजण दोन ओळी जुळवतो, कुणालाही टोचून, अगदी सासऱ्याला, पाद्र्याला सुद्धा. ज्याला टोचलं त्यानं दोन ओळींतच उत्तर द्यायचं. रागवायचं नाही, उठून जायचं नाही. गाण्यात बोललेलं गाण्यातच फिटतं, घरी न्यायचं नाही. किती भांडणं तिथं मिटलीत, किती लग्नं ठरलीत. फ्लोरिस म्हणजे त्यातला दादा माणूस. सेवास्ती मात्र कधी तोंड उघडायची नाही. लहानपणी एकदा जुळवायला गेली तर पोरांनी बें-बें केलं होतं.

बोकडाच्या मटणाची आणि बटाट्यांची ताटं आली, वाइन फिरली, व्हायोलिन लागलं. पाच-सहा जणांची टोचाटोची झाली. मग फ्लोरिसनं काठी आपटली, सगळे गप्प झाले. तो बाकावर बसलेल्या नातीकडं वळला.

नातीच्या माज्या हातावर घट्टा डोंगराचा खडा,
मांडीत ठेवून बसली, जसा रिकामा घडा.

हशा पिकला. सगळ्यांच्या माना कालियोकडं. आता ही उत्तर देणार. जीभ तिची आबाचीच होती. पण कालियोनं आबाकडं बघितलं नाही. तिनं आईकडं बघितलं. नुसतं बघितलं.

व्हायोलिनवाला सूर घोळवत राहिला, एक फेरी, दुसरी फेरी. माणसं चुळबुळ करायला लागली. उत्तर न देणं म्हणजे हार, आणि ह्या घरानं कधी हार घेतली नव्हती. सेवास्तीच्या आत दार ठोठावणारा आला होता. तिनं टेबलाची कड धरली. आणि तिला आपलाच आवाज ऐकू आला, थोडा फाटका, पण सुरात.

बा, तुज्या नातीचा घट्टा न्हाई कामानं पडलेला,
आईच्या पोटातनं आला, काळजाला जडलेला.

कुणी हसलं नाही. काही कळलं नव्हतं, पण ही चेष्टेतली ओळ नव्हे एवढं कळलं होतं. फ्लोरिसनं मान तिरकी केली, कमी ऐकू येतं तसा. उत्तराची पाळी त्याची. पण सेवास्ती थांबली असती तर पुन्हा कधीच बोलली नसती.

याकोवाचं हात त्येच, तुला दगडावानी दिसलं,
आत काळीज व्हतं दुधाचं, वझ्याखाली नासलं.

व्हायोलिनवाल्याचा गज थबकला. म्हाताऱ्यानं हात वर करून त्याला खुणावलं, चालू ठेव. सूर पुन्हा सुरू झाला. फ्लोरिस बसून होता. आपले दोन्ही तळवे त्यानं गुडघ्यांवर उताणे टाकले होते आणि त्यांच्याकडं बघत होता. डॉक्टरीण गावात का आली होती, घरात अथेन्सचं नाव का निघत होतं, लेक किटल्या का हिसकावत होती, पोरगी वाटेवर का पडली, हे सगळं त्याच्या डोक्यात एकामागून एक येऊन बसत असावं. पोरगा फडफडणाऱ्या पाखराबद्दल बोलायचा तेही. कुणीतरी त्याच्यासाठी पेला भरला. तो त्यानं बाजूला सारला. बऱ्याच फेऱ्या झाल्या. शेवटी तो गायला, आणि त्याचा आवाज लेकीच्यापेक्षा स्थिर होता.

हात बगून चडिवलं वझं म्याच पोराच्या पाठी,
उतरीव लेकी, जा शहराला, उतरीव नातीसाठी.

रीत म्हणजे रीत. कुणी उठलं नाही, कुणी गळ्यात पडलं नाही. दुसऱ्यानं पाद्र्याच्या ढेरीवर दोन ओळी केल्या, पाद्र्यानं त्याच्या उधारीवर दोन केल्या, आणि जत्रा पहाटेपर्यंत चालली. कालियो तेवढी जागा बदलून आबाशेजारी जाऊन बसली. तिनं त्याच्या ताटातला हाडाचा तुकडा उचलला, त्यानं तिच्या हातावर चापट मारली.

दुसऱ्या दिवशी फ्लोरिसनं लेकीच्या फळीवरचं सगळ्यात जुनं, मुरलेलं चीज निवडलं, ते गाढवाला बांधलं आणि पलीकडच्या गावी गेला. फ्रांगूलिसच्या दारात उतरला. आत काय बोलणं झालं ते दोघांनाच ठाऊक. झाखारीस मेंढरं घेऊन त्या अंगाला गेला होता, त्याला एवढंच दिसलं की दोन म्हातारे अंजिराखाली बसून चीज खातायत आणि तोंडं दोन दिशांना. संध्याकाळी परतल्यावर फ्लोरिस म्हणाला, फ्रांगूलिसच्या धाकट्या पणतूच्या डोक्यावर लोकर आहे. त्याची आई फुशारकीनं तळवे दाखवत होती. म्या सांगितलं, आधी डॉक्टरणीकडं ने, मग फुशारकी मार.

मग बोट, मग अथेन्स, मग दवाखान्याच्या पाचव्या मजल्यावरची खोली. आईलेकींच्या खाटा शेजारी शेजारी. कालियोचं आधी झालं. भुलीतनं उतरताना तिनं नर्सला विचारलं, दूध उतू गेलं का. सेवास्तीचं दोन दिवसांनी झालं. तिला भीती सुरीची नव्हती, जेवणाची होती. तिथलं चीज तिनं चाखून बघितलं आणि ताट सारलं, ह्यापेक्षा मला यंत्राचा दणका चालेल म्हणाली. विद्यार्थी डॉक्टर टोळीनं यायचे, हात बघायचे, केस बघायचे, वहीत लिहायचे. सेवास्ती प्रत्येकाला आधी त्याचा तळवा पुढं करायला लावायची, अंगठ्यानं दाबायची आणि मान हलवायची. वाणी, म्हणायची. तू पण वाणी. एक उंच मुलगी होती, तिचा तळवा जरा जाड निघाला, वल्हं मारायची म्हणे. ही एक कामाची, सेवास्ती म्हणाली. पण हिची पट्टी काढून बगा आधी.

गावी आल्यावर वाटा बदलल्या. मेंढवाड्यापासनं वर किटल्या आता गाढव आणतं. झाखारीसनं काहिलीवर छताला एक कप्पी टांगली, चीजचे साचे दोरीनं वर जातात. कालियो बंदरावर दुकानदारांचा हिशेब बघते, ऑक्टोबरपासनं तिथंच मेल्पोच्या दवाखान्यात अर्धा दिवस जाणार आहे. गावोगावच्या घरांना बोलावून आणायला तिथं डोंगरातली बोली बोलणारं माणूस हवंय. कालियोनं डोक्यावरचं फडकं काढलंय. वाऱ्यात लोकर उभी राहते. बघणारे बघतात. पट्टी काढून घ्या तुमची पण, ती म्हणते, आणि चार घरं तरी तिच्या ह्या बोलण्यानं खाली उतरली.

यंत्रानं एकदा दणका दिला. कालियोलाच, बसथांब्यावर. घोड्यानं छातीवर लाथ मारावी तसा, म्हणाली. तिथंच पाच मिनिटं बसली, शिव्या दिल्या, पुढची बस धरली आणि वेळेत पोचली. सेवास्तीला हे कळलं तेव्हा तिचे हात निवळीत होते. तिनं ते बाहेर काढले नाहीत. पोर उठून बसली, एवढं तिनं दोनदा विचारून घेतलं.

आज सकाळी शेजारीण आली होती, तीच, तेलाच्या वाटीवाली. तिच्या भाच्याच्या लेकरानं वर्षाचं होताना घट्टे दाखवलेत, केस तर आधीपासनंच. तिला ते यंत्र कसं असतं ते बघायचं होतं, पण विचारायला लाज वाटत होती. उगी पावसापाण्याचं बोलत बसली. सेवास्तीनं ओल्या हातानं सदऱ्याचं वरचं बटण काढलं आणि शेजारणीचं बोट धरून गळ्याच्या हाडाखाली टेकवलं.

"दाब. घाबरू नगंस, चावत न्हाई."

शेजारणीनं दाबलं. चौकोनी, कडक काहीतरी कातडीखाली होतं.

"दुखतं का गं?"

"कड लागती कुशीवर झोपलं की. जित्या माणसाला काय ना काय लागतंच." तिनं बटण लावलं. "लेकराला उद्या कालियोसंगं धाड. आन् आता सरक, दूध धरलंय, मोडायला झालंय."

शेजारीण बाजूला झाली. सेवास्तीनं लाकडी उलथणं घेऊन धरलेलं दूध उभं-आडवं चिरलं, निवळी वर येईतो थांबली, बाह्या सारल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.